शहाणा पाय, वेडा पाय

'घसरणे' या शब्दाला आपल्या भाषेत कोणी कधी मान दिलेला नाही. धानाचे भाव घसरले की शेतकरी कपाळाला हात लावतो. वर्गातला क्रमांक घसरला की घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोलत नाही. भर सभेत एखाद्याची जीभ घसरली, तर तो एक शब्द त्याला जन्मभर पुरतो. आणि रस्त्याने जाता जाता कोणाचा पाय घसरला, तर त्याला उठवायला धावणाऱ्यांपेक्षा तोंडाला पदर किंवा रुमाल लावून हसू दाबणाऱ्यांचीच संख्या अधिक भरते. अशा परिस्थितीत, पदरचे पैसे खर्चून, पायांत पोलादी पात्यांचे बूट चढवून मुद्दाम घसरायला जाणारी माणसे या जगात आहेत, हे प्रथम ऐकले तेव्हा आमच्या नागऱ्यात ते कोणालाही खरे वाटले नाही.

नागरा हे गोंदियाजवळचे गाव. पुरातन शिवमंदिर, महाशिवरात्रीची यात्रा आणि चहूकडे पसरलेली धानाची शेती ही त्याची ओळख. वैशाखात इथली जमीन अशी तापते की अनवाणी माणूस सावलीसावलीने उड्या मारत जातो. अशा गावाला बर्फाचे अप्रूप असणारच. गोंदियाहून सायकलवर बांधून आणलेली बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळलेली असे. वर लाकडाचा भुसा असे. आणि घरी पोचेपर्यंत तिचे निम्मे पाणी वाटेवर सांडलेले असे. यात्रेतल्या गोळेवाल्याकडे लाल-पिवळ्या रंगाचा बर्फ मिळे. फाल्गुनात कधी अवचित गारा पडत; मुले त्या वेचायला धावत आणि मोठी माणसे उभ्या पिकाकडे पाहत दारात गप्प उभी राहत. एवढाच काय तो आमचा आणि बर्फाचा संबंध. त्याच्यावर उभे राहता येते, धावता येते, गिरक्या घेता येतात, ही कल्पना करायला आमच्याजवळ काही साधनच नव्हते.

पण घसरण्याचे शास्त्र मात्र आम्हाला परके नव्हते. आषाढाचा पाऊस एकदा लागला की बांध्या पाण्याने भरत. नांगरून, वखरून त्यांचा असा मऊ चिखल करीत की पाऊल टाकले की पोटरीपर्यंत आत जाई. बांधीच्या चारही बाजूंना मातीचे अरुंद बांध असतात. त्यांना आमच्याकडे धुरे म्हणतात. दोन दिवसांच्या झडीनंतर या धुऱ्यावरून चालणे म्हणजे तेलाच्या बुधलीवर उभे राहणेच. शिवाय गावाबाहेरच्या बोडीची पाळ होती. तिच्या उतारावर पळसाची पाने बुडाखाली घेऊन आम्ही मुले घसरत असू. पाने वरच राहत आणि आम्ही तेवढे खाली पोचत असू. त्या दिवसांत नागऱ्यातल्या एकाही मुलाच्या चड्डीचा मागचा भाग शाबूत नव्हता, असे माझी आई सांगे. त्यात अतिशयोक्ती फार थोडी होती.

आम्ही घसरत होतो खरे. परंतु न घसरण्याची विद्या पाहावी ती आमच्या आजीची. रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांचा ओला भारा डोक्यावर घेऊन ती वीतभर रुंदीच्या धुऱ्यावरून अशी जाई, की जणू घरातून अंगणातच निघाली आहे. मी तिच्या मागून चालत तिच्या पावलांकडे टक लावून पाही. तिचे गुडघे किंचित वाकलेले असत. पाऊल लहान पडे. पायाचा अंगठा चिखलात आधी रुते आणि मग सगळा भार त्या पायावर येई. नजर पायांकडे कधीच नसे. ती दूर, धुऱ्याच्या टोकाशी लागलेली असे. ही सारी पुढे एका अगदी निराळ्या जागी मला आठवायची होती. पण ते मागाहून सांगतो.

मी अकरा वर्षांचा असताना नागपूरचे मामा आमच्याकडे आले आणि येताना एक कागदात गुंडाळलेली जड वस्तू घेऊन आले. त्यांच्या मुलाला ती आता लहान होत होती. कागद सोडला तर आत चाकांची पादत्राणे! लोखंडी पट्टी, तिच्याखाली चार चाके, वर चामड्याचे दोन पट्टे. मध्ये एक नट होता. तो सैल केला की पट्टी लांब-आखूड करता येई. मामांनी सांगितले, "याला स्केट म्हणतात. थंड देशांत बर्फावर पात्यांचे घालतात. आपल्याकडे बर्फ नाही म्हणून ही चाके." आजीने ती वस्तू हातात घेऊन उलटीपालटी केली, एक चाक बोटाने फिरवून पाहिले आणि म्हटले, "म्हणजे पायालाच बंडी जुंपायची!"

आता अडचण अशी होती, की स्केट होते दोन आणि मुले होतो आम्ही नऊ. बराच वेळ भांडण झाल्यावर ठरले, की प्रत्येकाने एका पायात एकच स्केट घालायचा. म्हणजे एका वेळी दोघांना खेळता येईल. जागाही मिळाली. जवळच्या एका भातगिरणीत धान वाळवण्यासाठी सिमेंटचे मोठे गुळगुळीत पटांगण होते. हंगाम नसला की ते मोकळे पडून असे. तिथल्या चौकीदाराने आम्हाला आत घेतले ते दयेने नव्हे. दुपारी त्यालाही करमणूक हवी होती. ती त्याला भरपूर मिळाली.

एका पायात चाके आणि दुसरा पाय जमिनीवर, अशी ती सवारी निघे. जमिनीवरच्या पायाला पुढे जायची भीती आणि चाकांवरच्या पायाला थांबायची माहिती नाही! एक पाय शहाणा, एक पाय वेडा. दोघांचे पटत नसे आणि त्यांच्या भांडणात पाठीला मार बसे. आमच्यातला सर्वांत धीट मुलगा पहिल्याच दिवशी थेट गिरणीच्या कोंड्याच्या ढिगात शिरला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या आईनेसुद्धा त्याला ओळखले नसते. दुसरा एक जण पडू नये म्हणून पुढच्या मुलाचा सदरा धरी. तो त्याच्या पुढच्याचा धरी. आणि मग एकाऐवजी तिघे पडत. मी स्वतः पटांगणाच्या कडेला उभ्या असलेल्या हातगाडीला धरून होतो. ती गाडीही चाकांचीच आहे हे ती चालू लागल्यावर कळले.

या चाकांच्या बुटांचा जन्मच मुळी अशा फजितीत झालेला आहे, हे मी पुढे वाचले तेव्हा मला फार समाधान वाटले. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन नावाचा एक कुशल कारागीर राहत होता. घड्याळे, वाद्ये आणि नाना तऱ्हेची यंत्रे तो बनवी. १७६० नंतरच्या दशकात त्याने पायांना चाके लावली आणि ती घालून, व्हायोलिन वाजवीत, तो मोठ्या लोकांच्या एका नाचाच्या मेळाव्यात शिरला, अशी हकिकत सांगतात. प्रवेश मोठा थाटाचा झाला. परंतु वळावे कसे आणि थांबावे कसे, याची सोय त्या चाकांत नव्हती. समोर एक भला मोठा मौल्यवान आरसा होता. आरसा फुटला, व्हायोलिन मोडले आणि मर्लिनसाहेबांनाही चांगलाच मार लागला. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, १८६३ साली, अमेरिकेतील जेम्स प्लिम्प्टन याने चाकांच्या दोन जोड्या अशा बसवल्या की शरीराचा भार एका बाजूला झुकवताच चाके आपण होऊन त्या बाजूला वळावीत. तेव्हा कुठे आरसे सुरक्षित झाले.

झुकले की वळते, ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. ती शोधून काढली आमच्या ताईने. ताई म्हणजे माझी चुलत बहीण; माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. चार दिवस ती हातगाडीच्या दांड्यावर बसून आमची पडापड नुसती पाहत होती. पाचव्या दिवशी ती उठली आणि म्हणाली, "दोन्ही मला द्या. दोन्ही पाय वेडे केल्याशिवाय हे जमायचं नाही."

तिने दोन्ही स्केट बांधले. गुडघे वाकवले. हात थोडे पसरले आणि नजर पटांगणाच्या पार टोकाला लावली. ती पडली, मग आणखी कितीदा तरी पडली. पण तिचे पडणे आमच्यासारखे नव्हते. तोल जातो आहे असे वाटताच ती आधीच खाली बसल्यासारखी होई आणि पाठीवर न आपटता कुशीवर पडे. हाताच्या मुठी ती मिटून घेई. उघड्या बोटांवरून दुसऱ्याची चाके जाऊ नयेत म्हणून. आठ दिवसांत ती पटांगणाची पूर्ण फेरी मारू लागली. पंधराव्या दिवशी तिने एका पायावर वळण घेतले आणि चौकीदार बिडी ओढायची विसरला.

मग ताईच आमची मास्तरीण झाली. पुढे जायचे असेल तर पाय मागे झाडायचा नाही, बाजूला ढकलायचा. टाचा जवळ, बोटे बाहेर, बदकासारखी. पडायला लागलास तर पडूनच जा, हवेत हात मारत बसू नको. तिचा एक नियम फार कडक होता. पडलेल्याला हसायला सर्वांना मोकळीक होती. पण हसणाऱ्याने त्याला हात देऊन उठवलेच पाहिजे. हा नियम झाल्यापासून हसणे पुष्कळ कमी झाले.

याच सुमारास आमच्याकडे दूरच्या नात्यातले एक वृद्ध गृहस्थ पाहुणे म्हणून आले. गिरणीजवळून येताना त्यांनी ताईला पाहिले होते. रात्री जेवताना ते काकूंना म्हणाले, "पोरगी तेरा वर्षांची झाली ना? एवढी मोठी मुलगी गावासमोर चाकांवर नाचते! उद्या पडली, हातपाय मोडला, म्हणजे?" काकू काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी स्केट जागेवर नव्हते. ते धानाच्या कोठीमागे गेले होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. तरी ते काढायला कोणी जाईना.

ताई रडली नाही, भांडलीही नाही. ती विहिरीवर गेली, भांडी घासली, धाकट्या भावाचा अभ्यास घेतला. आम्ही बोलवायला गेलो तेव्हा म्हणाली, "तुम्ही खेळा. मी आता मोठी झाले." हे वाक्य ती अशा सुरात बोलली, की जणू कोणीतरी तिला तापाचे औषध दिले होते आणि ते गिळावेच लागणार होते. मला त्या दिवशी प्रथमच मोठे होण्याची भीती वाटली. तोवर मी समजत होतो, की मोठे होणे म्हणजे अधिक गोष्टी करायला मिळणे. त्या दिवशी दिसले, की मुलीच्या बाबतीत लोक ते नेमके उलटे समजतात. आम्हा मुलांना मात्र कोणी काही म्हटले नाही. आणि आम्ही तर तिच्या दसपट पडत होतो!

आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी आजीच्या लक्षात आले, की ताई दुपारी घरी असते. तिने कारण विचारले. कारण ऐकले. पाहुणे अजून ओसरीवर होतेच. आजी त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि सुपारी कातरता कातरता बोलू लागली.

"मी या घरात आली तवा या पोरीएवढीच होती. पहिल्या रोवणीला सासूनं डोक्यावर भारा दिला. धुऱ्यावर चार पावलं गेली अन् भाऱ्यासकट बांधीत. रोवणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून हासल्या. सासू म्हणे, ऊठ, पऱ्हे गोळा कर, अन् पुन्हा धुऱ्यावर चढ. त्या दिवशी मी पाच वेळा पडली. पोरगी मोठी झाली म्हणून तिनं पडू नये, असं कोण्या पोथीत लिवलं हाये? मोठं झाल्यावर तं धुरा आणखी अरुंद होते."

पाहुणे खाकरले. आजी उठली, कोठीमागून स्केट काढले, पदराने पुसले आणि ताईपुढे ठेवले. मग काकूंकडे वळून म्हणाली, "याचा पाना कुठं हाये? नट ढिला झाला दिसते." काकूंनी मुकाट्याने पाना आणून दिला. माझी अशी समजूत आहे, की काकूंनी तो जवळच ठेवला होता.

ताईच्या वयाहून दोन वर्षांनी लहान असलेल्या एका मुलीची हकिकत मला याच जागी सांगाविशी वाटते. तिचे नाव सोनिया हेनी, देश नॉर्वे. १९२४ साली फ्रान्समधील शामोनी येथे हिवाळी खेळांचे पहिले ऑलिंपिक भरले. त्यात बर्फावरच्या कलात्मक स्केटिंगसाठी आठ स्त्रिया उतरल्या होत्या. सोनिया त्यांत अकरा वर्षांची होती. सांगतात की, कार्यक्रम चालू असतानाच ती मधूनमधून कडेला येई आणि आपल्या शिक्षकाला विचारी, "आता पुढे काय करायचे?" आठ जणींत ती आठवी आली. साऱ्या जगासमोर शेवटचा क्रमांक! पण तिचे स्केट कोणी कोठीमागे ठेवले नाहीत. १९२८ साली सेंट मॉरिट्झ येथे तिने सुवर्णपदक मिळवले. १९३२ साली पुन्हा. १९३६ साली पुन्हा. मधल्या काळात ती एकामागून एक दहा वेळा जगज्जेती झाली. तिच्या पदकांपेक्षा मला ती कडेला येऊन "आता पुढे काय?" असे विचारणारी अकरा वर्षांची मुलगी अधिक जवळची वाटते.

आमच्या ताईला पदक मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पण एक बक्षीस तिच्या अगदी हाताशी येऊन गेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मुले लाकडाचे नंदी सजवून आणतात. त्या नंदींच्या पायांखाली चाके असतात आणि गळ्यात दोरी. ज्याचा नंदी उत्तम सजला असेल त्याला बक्षीस मिळते. त्या वर्षी जमिनीत चिखल फार म्हणून नंदींची रांग गिरणीच्या सिमेंटच्या पटांगणावर लागली. ताईच्या धाकट्या भावाचा नंदी होता; पण भावाला सकाळपासून ताप. तेव्हा त्याच्या वतीने ताई आली. आणि आली ती पायांत स्केट बांधून, हातात नंदीची दोरी धरून! नंदीला चार चाके, ताईला आठ. दोघेही सारख्याच ऐटीत रांगेपुढून सरकत गेले. मध्येच नंदी वेगाने पुढे निघाला, दोरी ताणली गेली आणि आता दोघे एकमेकांत अडकून पडणार असे सर्वांना वाटले. तेवढ्यात ताईने अंग झुकवले. नंदीला वळसा घालून ती मोठ्या डौलाने त्याच्या पुढे आली आणि थांबली. टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षक पेचात पडले. पुष्कळ विचार करून त्यांनी पहिले बक्षीस नंदीला दिले. कारण नियमात ताईविषयी काहीच लिहिलेले नव्हते. कंपासपेटी भावाला मिळाली. नात्यातले ते वृद्ध गृहस्थही तिथे होते. ते एवढेच म्हणाले, की नंदीची शिंगे आणखी चांगली रंगवता आली असती.

ते स्केट फार दिवस टिकले नाहीत. एका चाकातले छर्रे एक एक करून गळू लागले आणि आमच्या गोट्यांच्या डावात जमा झाले. शेवटी चाकही निखळले. पट्टी बरीच वर्षे गोठ्याच्या खुंटीला लटकत होती.

यानंतर पुष्कळ वर्षांनी, कामाच्या निमित्ताने, एका जानेवारीत मला सिमल्याला जाण्याचा योग आला. तिथे लक्कड बाजाराजवळ बर्फावरच्या स्केटिंगचे एक जुने मैदान आहे. ते १९२० साली सुरू झाले. त्याची मौज अशी, की तिथला बर्फ यंत्राने नव्हे, तर निसर्गाच्या गारठ्याने जमवण्याची रीत चालत आली. सपाट मैदानावर पाण्याचे पातळ थर देतात आणि रात्रीच्या थंडीत ते गोठतात. आकाश निरभ्र असेल तर बर्फ उत्तम जमतो. ढग आले की जमिनीतली ऊब वर निसटत नाही आणि सगळा बेत फसतो. म्हणून तिथली माणसे संध्याकाळी आकाशाकडे पाहत उभी राहतात. आमच्याकडे ढग यावेत म्हणून पाहतात. तिथे ते येऊ नयेत म्हणून. पाहण्याची रीत मात्र तीच.

हल्ली हिवाळे सौम्य होऊ लागल्याने तिथे स्केटिंगचे दिवस पूर्वीपेक्षा कमी मिळतात. हॉलंडात तर गोठलेल्या कालव्यांवरून अकरा शहरांना जोडणारी, जवळजवळ २०० किलोमीटरांची एक प्रसिद्ध शर्यत होते. पुरेसा जाड बर्फच न जमल्यामुळे १९९७ नंतर ती होऊ शकलेली नाही.

भाड्याचे पात्यांचे बूट घालून मी त्या मैदानाच्या कठड्याला धरून उभा राहिलो. भोवती पाच-सहा वर्षांची मुले पाखरांसारखी भिरभिरत होती. माझ्याच वयाचे आणखी एक गृहस्थ कठड्याला धरून माझ्याकडे पाहत होते. आम्ही परस्परांना नमस्कार केला नाही; कारण त्यासाठी हात सोडावे लागले असते. मग मला आजीचा धुरा आठवला. मी गुडघे वाकवले, लहान लहान पावले टाकली आणि कठडा सोडला. आश्चर्य म्हणजे मी उभा राहिलो! परंतु पुढे काही जाईना. आजीची विद्या न घसरण्याची होती आणि इथे तर घसरायचे होते. तेव्हा ताईचा धडा आठवला: पाय मागे झाडायचा नाही, बाजूला ढकलायचा. पात्याच्या तळाशी बारीक खोबण असते आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन धारा असतात. पाते लांबीच्या दिशेने सहज सरकते; पण आडवे रेटले की धार बर्फात रुतते आणि तेवढाच आधार अंगाला पुढे लोटायला पुरतो. एक पाय रुतवायचा, दुसरा सोडून द्यायचा. शहाणा पाय आणि वेडा पाय इथेही होतेच. फक्त दर पावलाला त्यांनी आपली कामे अदलाबदल करून घ्यायची होती. मी दहा-बारा हात गेलो आणि मूठ मिटून, रीतसर कुशीवर पडलो.

पडल्या पडल्या बर्फ अगदी जवळून पाहता आला. तो इतका निसरडा का असतो, याचा विचार विद्वानांनी दीर्घकाळ केलेला आहे. पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो म्हणून ते घसरते, असे पुष्कळ दिवस शिकवीत. पण कडक थंडीत माणसाच्या वजनाचा दाब त्याला पुरत नाही. १८५० साली मायकेल फॅराडे या थोर शास्त्रज्ञाने निराळीच गोष्ट सुचवली होती, की बर्फाच्या पृष्ठावर मुळातच पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो. पुढच्या संशोधनाने तिला पाठबळ मिळाले. अगदी वरचे कण आतल्या कणांसारखे सर्व बाजूंनी बांधलेले नसतात. ते जागच्या जागी डळमळतात. त्यात पाते घासल्याची ऊब मिळते आणि वाट आणखी निसरडी होते. आमच्या धुऱ्यावरही मातीच्या बारीक कणांमध्ये पाण्याचा थर शिरलेला असतोच.

त्या रात्री मी ताईला लांबलचक पत्र लिहिले. ती आता एका शाळेत गणित शिकवते. बर्फ, पाते, कठडा, सारे काही मी तपशीलवार वर्णिले. लडाखमध्ये लेहच्या गोठलेल्या तळ्यावर मुले स्केटिंग करतात आणि २०२४ साली तिथल्या हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्राच्या खेळाडूंनीही पदके मिळवली, हे मी तिला पुढे एकदा कळवले. जिथे बर्फ जमत नाही तिथली मुले आधी चाकांवर शिकतात आणि मग पात्यांवर उभी राहतात, हे लिहिताना मला गिरणीचे पटांगण दिसत होते.

ताईची उत्तरे नेहमी एका पोस्टकार्डात मावतात. सिमल्याच्या पत्राचे उत्तरही तसेच आले. प्रकृतीची चौकशी, रोवणी आटोपल्याची बातमी, कोणत्या मुलाला त्रैराशिक येत नाही त्याची तक्रार. आणि शेवटी कडेच्या कोऱ्या जागेत, बारीक अक्षरांत, आडवे लिहिलेले:

"तुझ्या त्या सिमल्याच्या मंडळींना एकदा आषाढात आपल्याकडे बोलाव. डोक्यावर पऱ्ह्यांचा भारा देऊ आणि धुऱ्यावर सोडू. पडले तर हसायला मी आहेच. उठवायला तू ये."